आयडिया सुचत नाही? आधी घरातली खिडकी बघा

पावसाळा लागला की आमच्या फोटोवाल्या ग्रुपवर एकच विषय, या वीकेंडला कुठे. माळशेज, लोणावळा, मग कास. जाऊ नका असं नाही, मलाही जायला आवडतं, पण "काही नवीन सुचतच नाहीये, कुठेतरी जायला हवं" हे मला पटत नाही.

योसेफ सुदेक या झेक फोटोग्राफरचंच घ्या ना. जन्म १८९६ चा, प्रागमध्ये राहायचा, मूळ धंदा बुकबाइंडिंगचा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी पठ्ठ्या मोठाले जड कॅमेरे घेऊन शहरभर फिरायचा. पुढे जर्मनांनी प्राग घेतलं, कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणं अवघड झालं, तर १९४० पासून त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि युद्ध संपल्यावरही थांबला नाही, १९५४ पर्यंत तीच खिडकी! कधी काचेवर बाष्प, कधी ओघळ, कधी बर्फ, बाहेर अंगणातलं वाकडं झाड, कधी खिडकीत पाण्याचा ग्लास आणि त्यात एखादं फूल. बस. आणि एक फोटो दुसऱ्यासारखा नाही, मी ते बघायला बसलो की तास कसा जातो कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीचे फोटो सगळ्यांना सुचतात तेच असतात, ते संपेपर्यंत तिथे थांबायला लागतं, आपण नेमकं त्याच्या आधी जागा बदलतो.

आमच्या किचनच्या खिडकीचं सांगतो. दिवेलागणीला पाऊस असला की काचेवर थेंब जमतात, समोरच्या बिल्डिंगमधले दिवे लागलेले असतात, आणि फोन अगदी जवळ नेला की प्रत्येक थेंबात ती अख्खी बिल्डिंग उलटी दिसते, पिवळ्या उजेडासकट. थेंबावर बोट दाबून फोकस लॉक करायचा, ब्राइटनेस खाली ओढायचा म्हणजे बाकीचं काळं होतं. मग तोच फोकस बाहेरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर न्यायचा, आता थेंबांचे नुसते गोल ठिपके होतात आणि मागे एखादी लाल ओढणी. सॉल लायटर हा फोटोग्राफर न्यूयॉर्कमध्ये हेच करायचा, ओल्या, धुकट काचांमधून रस्ता, छत्र्या, माणसं, आणि तेही बरंचसं आपल्या घराच्या आसपासच. त्याचं रंगीत कामाचं पुस्तक २००६ मध्ये आलं तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला होता. पण मुळात तो पेंटर, त्यामुळे रंग कुठे किती हवा हे त्याला बरोबर कळायचं. म्हणून इन्स्टावर दुसऱ्यांचे फोटो बघण्यापेक्षा मी हल्ली पेंटिंग्ज जास्त बघतो, खरंच फरक पडतो.

बरं, खिडकीतून नुसती शेजारची भिंत दिसते? मग ओट्यावरची सिमला मिरची घ्या. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात उभी करून फोटो काढला, बघताना पाठमोरं माणूस वाटतं. त्याने त्या मिरच्यांवर किती फिल्म घालवली असेल! आपल्याला तर फिल्मचा खर्चही नाही, एक मिरची घ्या, खिडकीशी न्या, तिचा वळसा उजेडात येईपर्यंत फिरवत राहा, आणि काय निघालं ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा.