तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा लेकराला हे कुठून आलं?

"आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवत नाही की हो मॅडम, मग एवढ्या लेकराला रक्ताचा कॅन्सर कसा?" सोलापुरात रक्ताच्या काचा तपासण्यात माझी वर्षं गेली आणि हा प्रश्न पाठ झाला. बहुतेकदा आजी विचारते. आई शेजारीच उभी असते, खाली बघत. तिला त्यापुढचे प्रश्न घरी विचारून झालेले असतात: ग्रहणात काही चिरलंस का, पपई खाल्लीस का. दारात उभ्या उभ्या मी "नाही हो, तसं काही नसतं" एवढंच म्हणते. खरं उत्तर लांब आहे.

पोटातलं बाळ चौथ्या-पाचव्या आठवड्यात तांदळाच्या दाण्याएवढं असतं. हृदय धडधडत असतं, थोडं रक्तही असतं. पण ते कामचलाऊ, गर्भाबाहेरच्या पीतककोश नावाच्या पिशवीत तयार झालेलं. जन्मभर पुरणारं रक्त अजून यायचं असतं, आणि ते येतं बाळाच्या महाधमनीच्या अस्तरातून. अस्तरातल्या काही सपाट पेशी गोल होतात, भिंत सोडतात आणि सरळ वाहत्या प्रवाहात उतरतात. त्या पुढे यकृतात जातात, मग हाडांच्या मगजात मुक्काम करतात. झेब्रामाशाच्या पारदर्शक भ्रूणात हे घडताना २०१० साली थेट पाहता आलं. एवढी वर्षं रक्त बघूनही, नळीची भिंतच रक्त होते हे मला अजून पचलेलं नाही.

या पेशींना भिंत सोडायला लावणारं जनुक म्हणजे रन्क्स-१. ते २१व्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारं प्रथिन दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतं. हे मला पुस्तकापेक्षा वडिलांच्या मागावर आधी कळलं होतं, असं म्हटलं तर चालेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या चादरीच्या मागावर उभे धागे शेकड्यांनी ताणलेले असत. प्रत्येक फेरीला त्यातले कोणते उचलायचे, ते पुठ्ठ्याच्या कार्डांच्या भोकांप्रमाणे जेकार्डचे हुक ठरवत. धागे तेच, उचल बदलली की मोराच्या जागी फूल. एकेका हुकाला अनेक धागे बांधलेले. रन्क्स-१ हा तसा हुक. १९९६ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर बाराव्या-तेराव्या दिवसाच्या आसपास गर्भ दगावले: पीतककोशातलं पहिलं रक्त होतं, पण यकृतात कायमच्या रक्ताचा पत्ता नव्हता. २००९ मध्ये आणखी एक गंमत कळली. पेशींनी एकदा भिंत सोडली, की नंतर हे जनुक काढलं तरी रक्त संपत नाही. उंबरठा ओलांडतानाच त्याच्यावाचून अडतं. पुढे त्याला दुसरं काम असतं: रक्तपेशींना वयात आणणं. प्लेटलेट (रक्त गोठवणारे कण), लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नीट पिकायला ते लागतं.

आणि इथेच घोटाळा होतो. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली या संशोधक डॉक्टरांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, काही रुग्णांत ८व्या आणि २१व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दाखवले. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून लावायच्या. (ग्रहण बघून नसाव्यात.) पुढे १९९१ मध्ये कळलं की २१व्यावर जे तुटतं ते हेच जनुक. तुटून जे जोडप्रथिन बनतं, त्याचं पुढचं टोक रन्क्स-१चं, शेपूट परकी. हुक नेमक्या त्याच धाग्यांना अडकतो, पण बऱ्याच धाग्यांना उचलायच्या जागी दाबून धरतो. पेशी वयात येतच नाहीत. माझ्या काचेवर त्या मोठ्या, कोवळ्या दिसतात, कधी आत सुईसारखी बारीक काडी असते. पण गुणसूत्रांची तपासणी झाल्याशिवाय मी त्या जोडाचं नाव घेत नाही.

लहान मुलांत मात्र जास्त आढळणारा जोड वेगळा, १२ आणि २१ या गुणसूत्रांचा; इथेही २१व्यावरचं जनुक रन्क्स-१च. पाश्चात्त्य देशांत मुलांच्या लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात (कोवळ्या लिंफोसाइटचा कॅन्सर) साधारण चारात एकाला तो असतो. आपल्याकडे कमी दिसतो. तो बरेचदा जन्माआधीच झालेला असतो. काही देशांत नवजात बाळाच्या टाचेचं रक्त टिपकागदावर घेऊन ठेवतात. पुढे आजारी पडलेल्या मुलांचे असे जुने कागद शोधून तपासले, तर बऱ्याच जणांच्या कागदात जोड आधीच होता. एका जुळ्यांच्या जोडीत तर एकाच वारेतून तो दोघांत पोचला होता. एकाला पाचव्या वर्षी आजार, दुसऱ्याला थेट चौदाव्या. म्हणजे नुसता जोड पुरत नाही, नंतर आणखी काहीतरी बिघडावं लागतं. पेशी विभागताना एका पेशीत झालेली ही चूक आहे. तिथे आईचा हात पोचतच नाही, आणि या जोडाची मुलं उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, हेही मी आजीला आईसमोरच सांगते.

मग आजी विचारते, "धाकट्याचीही तपासणी करू का?" बहुतेकदा गरज नसते, कारण हा बिघाड त्या एका पेशीच्या वंशात असतो, घराण्यात नाही. पण काही मोजक्या घरांत रन्क्स-१चा दोष पिढ्यान् पिढ्या चालत येतो. तिथे प्लेटलेट कमी असतात, दात काढला की रक्त लवकर थांबत नाही, आणि कुणा काकाला, आत्याला ल्युकेमिया झालेला असतो. असं काही आठवत असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. कारण उद्या भावंडाचा मगज द्यायची वेळ आली, तर आधी त्या भावंडाचं हे जनुक तपासावं लागतं.