घरात एकच लंडनकर

मिरजेत आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरगी लंडनला नर्स आहे म्हणून. मीही कधी ते दुरुस्त केलं नाही. मी असते वॉटफर्डला, लंडनच्या अगदी कडेला पण हद्दीबाहेर; ते कुठं आलं, हे समजावत बसा. पण परवा माझी आणि नवऱ्याची पगाराची स्लिप शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि डोकंच फिरलं. पगाराच्या हिशेबात मी लंडनमध्ये नाहीच. नवरा मात्र आहे. दार एक, चूल एक, पत्ता एक!

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पगार बँडवर, म्हणजे श्रेणीवर ठरतो. बँड 5 च्या नर्सची सुरुवात 2025-26 मध्ये इंग्लंडभर वर्षाला 31,049 पौंडांवर होती, गाव कुठलंही असो. त्यावर महागड्या भागाचा भत्ता : आतल्या लंडनला 20 टक्के, बाहेरच्या लंडनला 15 आणि कडेच्या पट्ट्याला 5. वॉटफर्ड त्या पट्ट्यात. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आत बाहेरच्या लंडनमधलं हॅरो येतं. तिथली नर्स माझ्याच बँडची, तशाच रात्रपाळ्या करणारी, आणि तिला 15. वर्षाला तीन हजार पौंडांच्या वर फरक! तिचे पेशंट काय सोन्याच्या खाटेवर झोपतात? भाडं तिकडं जास्त असेल म्हणून रविवारभर जाहिराती चाळल्या. तीन हजारांचा फरक मला तरी सापडला नाही.

नवरा सांगलीच्या आयटीआयचा वायरमन. इथं आल्यावर दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढल्या, मग एनव्हीक्यू लेव्हल 3 हे कौशल्याचं प्रमाणपत्र, मग एएम2 ची प्रात्यक्षिक परीक्षा, तेव्हा कुठं पात्र इलेक्ट्रिशियनचं सोनेरी कार्ड हातात आलं. त्याचा ठेकेदार जेआयबीचे, म्हणजे वायरमनच्या धंद्यातल्या मालक-कामगारांच्या संयुक्त मंडळाचे, दर पाळतो. आणि जेआयबीच्या लेखी एम25 या रिंगरोडच्या आत येईल ते लंडन. वॉटफर्ड रस्त्याच्या आत. त्यामुळे साहेबांना लंडनचा दर. तेव्हापासून चहा मागतानासुद्धा ‘आम्ही लंडनवाले’ अशी सुरुवात होते.

ग्लासगोच्या मैत्रिणीला फोन केला तर तिनं आणखी मीठ चोळलं. स्कॉटलंडचा तक्ताच वेगळा. तिकडं त्याच 2025-26 मध्ये बँड 5 ची सुरुवात 33,247 वर, तीही कुठल्याही भत्त्याशिवाय. माझे 5 टक्के धरूनसुद्धा इथली सुरुवात त्या वर्षी जेमतेम साडेबत्तीस हजारांच्या वर जात होती. एप्रिल 2024 ला त्यांच्या आठवड्यातला अर्धा तासही कमी झाला. मी म्हटलं, तुमच्याकडे टॅक्स जास्त. ती म्हणाली, औषधं फुकट. इथं एका औषधाला 9.90 पौंड मोजते मी, म्हणून विषय बदलला.

आता कुणी म्हणेल, तक्रार कसली करतेस, इकडं ये आणि बघ. बघितलंय. मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात मला महिना अकरा हजार मिळायचे. 50 खाटांहून लहान खासगी रुग्णालयानंही नर्सला 20 हजारांच्या खाली देऊ नये, अशी शिफारस केंद्राच्या समितीनं 2016 मध्येच केली होती. आमच्या मॅनेजरला ती सांगितली तेव्हा तो नुसता हसला. तेव्हा माझं काही वाईट चाललेलं नाही, हे मलाही कळतं. पण माझा दीर रेल्वेत आहे. त्याला घरभाडं भत्ता मिरजेत 20 टक्के, पुण्यात असता तर 30. त्याला कधी टोचलं नाही, कारण त्याची बायको मिरजेत राहून पुण्याचा भत्ता उचलत नाही.

हॅरोला जावं म्हटलं तर तेही सोपं नाही. मालक बदलला की नवी स्पॉन्सरशिप, व्हिसाचा नवा अर्ज, पुन्हा फी. तरी काल तिथल्या एका जागेचा फॉर्म भरून टाकला. आईला फोनवर म्हटलं, जमलं तर लंडनला नोकरी लागेल.

“अगं,” आई म्हणाली, “मग इतके दिवस कुठं होतीस?”