मच सारखा किरकिर करतो म्हणे

बारक्या काल रात्री म्हणाला, "आत्ती, ह्या मचला काढून टाकाय पायजे, सारखं किरकिर करतंय." मच म्हणजे रॉबिन हूडच्या मालिकेतला रॉबिनचा नोकर. आणि दादा हसला. एवढंच झालं. पण ते हसणं काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

बीबीसीची 2006 सालची रॉबिन हूड मालिका, माझ्या जुन्या हार्डडिस्कमधली, पोराला सुट्टीत दाखवायला मीच काढली. तीर-धनुष्य बघून खूश होईल म्हणलं आणि झालाच, खराट्याच्या काड्या संपवल्या त्यानं. मला तो रॉबिन आवडतोच, अजून आवडतो. धर्मयुद्धावरून परत आलेला माणूस, तिथं एवढं रक्त बघितलेलं की आता होईल तोवर कुणाचा जीव घ्यायचा नाही म्हणतो. आणि ज्या लोकांशी लढून आला त्यांच्यातलीच जाक, गुलाम म्हणून आणलेली, तिला टोळीत घेतो आणि बरोबरीनं वागवतो. नुसतं श्रीमंताचं काढून गरिबाला दिलं यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

पण पहिलाच भाग घ्या. पिठासारख्या किरकोळ चोरीपायी पोरांना फासावर चढवायला निघालेत, रॉबिन आता लॉक्सलीचा मालक, गप्प बसला तर सगळं त्याचंच आहे. तो बाण सोडतो, दोर तुटतात, पोरं वाचतात आणि त्या क्षणाला त्याची जमीन, वाडा, नाव सगळं जातं. लहानपणी कुणीही टाळ्याच वाजवेल तिथं. काल मी मचकडंच बघत बसले. मच त्याचा नोकर, लढाईत त्याच्यासोबत राहून आलेला, आणि रॉबिननं त्याला शब्द दिलेला की तू आता मोकळा, बॉनचर्चची जहागीर तुझी. त्या बाणानं बॉनचर्चपण गेलं की. ते मचचं होतं. त्याला कुणी विचारलं? रॉबिननं स्वतःचं दिलं ते दिलंच, पण त्यात दुसऱ्याचंही देऊन टाकलं, आणि गाणी एकट्या रॉबिनची.

मग जंगलात स्वयंपाक कोण करतं, तर मच. जेवला का, झोपला का, कुठं निघालास, हे विचारतं कोण, तर मच. त्याला किरकिर म्हणायची.

2019 च्या ऑगस्टमधे कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फूट ओलांडले तेव्हा दादा तालमीच्या पोरांबरोबर चिखली-आंबेवाडीकडं होता, बोटीतनं माणसं काढत. कितीजणांना काढलं ते अजून लोक सांगतात, परवा सुद्धा तिकडच्या एक मावशी पत्रिका घेऊन आल्या, देवमाणूस म्हणाल्या, आईचे पाय धरले. खरंच आहे ते, मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा तांदळाचं पोतं मी आणि वहिनीनं दोघींनी जिन्यावरनं ओढत वर नेलं, फाटलं मधेच, पायरीपायरीवर तांदूळ, आणि आई खालून ओरडतीय देव्हारा काढा देव्हारा. दादाचा फोन लागत नव्हता. मी लावतच होते. तो आला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर किती फोन करतीस गं.

मी इथं राहायला आले तेव्हा पण त्यानं सगळ्यांच्या आधी... जाऊ दे, ते आज नको.

रॉबिनमधे खोट म्हणायची तर लोक म्हणतात अहंकार, त्याची प्रेयसी मॅरियन, तिच्यापायी वाहवत जाणं. मला ते नाही खुपत. जो आधीपासून जवळ आहे त्याचा हिशोबच मनात येत नाही, ते खुपतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शेरीफचा माणूस गाय ऑफ गिस्बोर्न मॅरियनचा जीव घेतो, तिसरा सुरू होतो तेव्हा रॉबिन सगळ्यांना झिडकारून एकटाच सूड घ्यायला निघतो. त्याला परत उभं कोण करतं? टक नावाचा साधू. कालपरवा भेटलेला. मच इतकी वर्षं सोबत, त्याचं ऐकलं नाही. ते बघताना मला रडू आलं, बारक्या म्हणतोय आत्ती काय झालं, म्हणलं काही नाही, कांदा चिरला मगाशी.

आणि तरी मच फुटत नाही. टोळीतलाच ॲलन पैशाला आणि मारहाणीला फुटला. मचला तर रॉबिनचा वैरी नॉटिंगहॅमचा शेरीफ, त्यानं तेच बॉनचर्च देऊ केलं होतं, वाडा, चाकर, वर ईव्ह नावाची पोरगी बातम्या काढायला, आणि हा तिच्यावर खरंच जीव लावून बसला, पण रॉबिनचा ठिकाणा सांगितला नाही. किरकिर करतो, पण सांगत नाही. बारक्याला हा भाग आज परत लावून दाखवला. गप्प बघितला त्यानं.

लिहिता लिहिता एक वाटायला लागलंय. बाण सोडायच्या आधी रॉबिननं मागं वळून विचारलं असतं, मच, तुझं घर जाईल, सोडू का? मच आधी दहा कारणं सांगितला असता, नको म्हणाला असता, डोकं धरला असता. आणि मग सोड म्हणाला असता. पोरं फासावर होती. मी पण त्या दिवशी दादाला जा चिखलीला असंच म्हणले असते, पोतं आम्ही बघतो म्हणले असते. मला त्याचं जाणं नकोच नव्हतं असं कधी नव्हतंच. विचारायला पाहिजे होतं, इतकंच. हे कळल्यावर जरा बरं वाटलं, राग पूर्ण गेला असं नाही, पण दादा आता असाच आहे आणि मला तो असाच आवडतो हेही खरं.

शुक्रवारी शिरोळला कुणाच्या तरी कामाला जायचंय म्हणे, गाडी न्यायची आहे. वहिनीला सांगून ठेवलंय त्यानं, मला नाही. शुक्रवारी आईची शुगर तपासायची आहे, हे त्याला सकाळी चहाच्या वेळी सांगणार आहे, रिक्षानं जाऊ असं यावेळी आपणहून म्हणणार नाही. बघू काय करतो.