चंद्र आणि पृथ्वी यांच्यामधली जागा

यंदाच्या कोजागरीला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटत असताना एक वाद निघाला. दूध संपले, चंद्र माथ्यावर आला, लहान मुले चटईवरच झोपी गेली, तरी तो मिटला नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने विचारले होते की, इतिहासातला सर्वांत थोर शास्त्रज्ञ कोण, याचे एकच नाव सांगायचे असेल तर तुम्ही कोणाचे सांगाल. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून उत्तराची अपेक्षा प्रथम माझ्याकडूनच होती. मी मात्र त्या रात्री सर्वांत शेवटी बोललो आणि जे बोललो तेही तुटक होते. ते नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

पहिले नाव घेतले ते शेजारच्या निवृत्त गणित शिक्षकांनी, आणि ते न्यूटनचे होते. सरांनी वर बोट केले आणि सांगितले की, हा चंद्र या क्षणीदेखील पडतो आहे. जमिनीजवळ हातातून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे आणि ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तिथे ती ३६०० पटींनी कमी भरली पाहिजे. म्हणजे चंद्र सेकंदाला साधारण १.३६ मिलिमीटर पडला पाहिजे. त्याच सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर पुढे जातो, आणि त्याची कक्षा मोजली तर तो सरळ रेषेपासून तेवढाच खाली वळलेला आढळतो. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे अशा रीतीने आकड्यांनी दाखवून देणारा माणूस एकच, असे सरांचे म्हणणे होते. १६८४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॅली केंब्रिजला जाऊन न्यूटनला ग्रहांच्या कक्षांविषयी विचारतो, त्यातून १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’ हा महाग्रंथ उभा राहतो, आणि माशांवरच्या एका पुस्तकात रॉयल सोसायटीचा पैसा अडकल्यामुळे छपाईचा खर्च हॅलीलाच पदरचा करावा लागतो, ही हकिकत सर इतक्या जिव्हाळ्याने सांगतात की ऐकणाऱ्याला वाद पुढे नेण्याचे धैर्य होत नाही.

ते धैर्य दाजींनी केले. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी नुकतीच आटोपलेली होती, आणि कोवळ्या फुटीवर पावसाची एखादी सर आली तर डावणी हा पानांवरचा रोग बाग कशी खातो, ही चिंता त्यांच्या मनात त्या रात्रीही होतीच. त्यांनी मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव घेतले. आमच्यापैकी बहुतेकांना ते नाव ठाऊक नव्हते, पण त्याने दिलेले औषध नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. डावणी रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला होता आणि तिथले द्राक्षमळे उजाड होऊ लागले होते. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डोजवळच्या मेदोक भागातून जाताना मिलार्देला दिसले की, आतल्या वेलींची पाने झडून गेली आहेत, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. चौकशी केल्यावर कळले की, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची तिथे रीत होती. पाने निळसर आणि किळसवाणी दिसली की कोणी हात लावत नसे. मिलार्दे तेवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रयोग केले, गायाँ या रसायनशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच हे बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना कालवून दाजी एक टक्क्याचे मिश्रण करतात आणि फवारणीपूर्वी त्यात लोखंडी विळा बुडवून पात्यावर तांबूस थर धरतो का ते पाहतात. धरला तर मोरचूद मोकळे उरले आहे, चुना आणखी हवा. त्यांचा मुद्दा असा होता की, रस्त्याकडेच्या त्या हिरव्या वेली त्या दिवसांत शेकडो लोकांनी पाहिल्या असतील, पण त्या हिरव्या का राहिल्या हा प्रश्न एकालाच पडला, आणि विज्ञान म्हणजे हेच असेल तर तो मोठा नाही असे कसे म्हणावे. माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही त्यांचा मुद्दा मी बाजूला सारू शकत नाही.

वहिनी डॉक्टर आहेत, त्यांनी जेन्नरचे नाव घेतले. गच्चीवरच्या पन्नाशीपुढच्या आम्हा सर्वांच्या दंडावर देवी टोचल्याचा व्रण आहे आणि मुलांपैकी कोणाच्याही दंडावर तो नाही, एवढाच पुरावा त्यांनी दिला. १७९६ मध्ये सुरू झालेले ते काम १९८० मध्ये देवीच्या संपूर्ण उच्चाटनाच्या घोषणेने पूर्ण झाले. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणाऱ्या हाबरचेही नाव निघाले, कारण आजच्या युरियाचे मूळ तिथे आहे. परंतु १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्याच्या कामाची सूत्रेही त्याच्याच हाती होती, हे समजल्यावर कोणीही त्याचा पक्ष घेतला नाही.

भास्कराचार्यांचे नाव येणे स्वाभाविक होते, आणि ते केवळ अभिमानापोटी आले नाही याचे मला समाधान वाटले. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला, आणि ग्रहाच्या तात्कालिक गतीचा त्यातला विचार पुढे युरोपात वाढलेल्या कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख आजही आहे आणि त्यात मराठीतल्या ओळी आहेत. नाशिकहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते. आमच्या घरातून अजून कोणीच गेलेले नाही, याची मला मनापासून खंत आहे.

पुतणीचा कौल आइन्स्टाइनला होता, आणि तिने एक कसोटी सुचवली. हा माणूस जन्मलाच नसता तर जगाला ते ज्ञान मिळायला किती उशीर झाला असता, एवढेच पाहायचे. उत्क्रांतीच्या विचारात डार्विन नसता तर वॉलेस होता. १८५८ मध्ये दोघांचे विचार एकाच सभेत वाचले गेले. कलनशास्त्रात न्यूटन नसता तर लायब्निझ होता. १९०५ च्या विशिष्ट सापेक्षतेच्या अगदी जवळ लोरेन्ट्झ आणि प्वाँकारे पोहोचलेले होते. मात्र १९१५ चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आणखी कित्येक दशके कोणाला सुचला नसता, असे तिचे मत होते. कसोटी चांगली आहे. तिच्यात उणीव इतकीच की, जे घडले नाही त्याचे मोजमाप ती मागते.

माझ्या मनात नाव होते फॅरेडेचे, आणि ते माझ्या मनात पुस्तकातून आलेले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. माझे वडील सातपूरला मोटर भरण्याचे काम करत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले होते. जळालेल्या वाइंडिंगची काळी तार उपसायची, खाचा स्वच्छ करायच्या, कागद बसवायचा, नवी तार मोजून भरायची आणि वार्निश देऊन भट्टीत वाळवायची, हे त्यांनी तीसहून अधिक वर्षे केले. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असताना शेतावरची एक थ्री-फेज मोटर दुकानात आली होती. एक फेज गेला की ती नुसती घुमायची, फिरायची नाही. मी वहीत समीकरणे मांडत बसलो आणि मला काहीच उलगडेना. वडिलांनी शाफ्टला सुतळी गुंडाळून एक झटका दिला आणि मोटर त्या दिशेने फिरू लागली. मग ती थांबवून उलट्या बाजूने झटका दिला, तर ती उलटी फिरली. ते म्हणाले, “आत ओढ आहे, पण ती गोल फिरत नाही, जागच्या जागी मागे-पुढे होते. तू जिकडे ढकलशील तिकडे ती जाईल.” त्या एका वाक्यात जे होते ते मला पुढे पदव्युत्तर वर्गात तीन पानांच्या गणिताने शिकवले गेले. वडिलांना लोखंडाच्या आतली जागा दिसत असे, यासाठी माझ्यापाशी दुसरा शब्द नाही.

फॅरेडेला तीच दिसत होती. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकला. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणे स्वतः बांधून त्याने ती डेव्हीला पाठवली आणि १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा मिळाली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर समोरासमोर दोन गुंडाळ्या बसवल्या. एकीत प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना दुसरीला जोडलेली सुई क्षणभर हलली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली जनित्रे, तिथून निघणाऱ्या वाहिन्यांवरचे रोहित्र आणि दाजींच्या विहिरीवरची मोटर ही सगळी त्या शोधाची संतती आहे. तरीही माझे मत या शोधावर उभे नाही, कारण अमेरिकेत जोसेफ हेन्रीलाही हे प्रवर्तन, म्हणजे एका गुंडाळीतल्या बदलत्या प्रवाहाने दुसरीत प्रवाह उत्पन्न होणे, त्याच सुमारास स्वतंत्रपणे सापडले होते, आणि पुतणीने ते तत्काळ दाखवून दिले.

माझे मत उभे आहे ते मधल्या जागेवर. सरांच्या चंद्राकडे पुन्हा पाहू. पृथ्वी चंद्राला किती जोराने ओढते हे न्यूटनने सांगितले. ती इथे आणि तो तिथे, मध्ये काही नाही, मग ओढ पोहोचते कशी, हे त्याने सांगितले नाही. हा दोष त्याला स्वतःला सर्वांआधी दिसला होता. १६९३ मध्ये बेंटली या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले आहे की, मधल्या कशाच्याही आधाराविना एका वस्तूने रिकाम्या जागेतून दुसरीवर परिणाम करावा, ही कल्पना इतकी विसंगत आहे की विचारी माणूस तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गणित इतके अचूक चालत राहिले की हा प्रश्न विचारण्याची गरज फारच थोड्यांना भासली. फॅरेडेला ते गणित येत नव्हते. त्याने चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोहकीस पसरला आणि त्या वक्र रेषांकडे पाहून ठरवले की, खरी गोष्ट चुंबकात नसून त्याच्या भोवतालच्या जागेत घडते आहे. बलरेषा ही त्याच्यासाठी सोयीची आकृती नव्हती, ती खरोखर असणारी वस्तू होती. १८४५ मध्ये त्याने चुंबकाने प्रकाशाच्या ध्रुवणाची, म्हणजे त्याच्या कंपनांची, दिशा वळवून दाखवली आणि पुढच्याच वर्षी, प्रकाश म्हणजे या रेषांचीच कंपने असावीत, असा तर्क एका व्याख्यानात मांडला. त्या काळच्या अनेक विद्वानांनी त्याच्या प्रयोगांचा आदर केला, पण बलरेषांची कल्पना मनावर घेतली नाही.

मनावर घेतली ती भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने. सरांनी इथे रास्त आक्षेप घेतला की, मग श्रेय मॅक्सवेलला का देऊ नये, कारण वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एकत्र बांधणारी समीकरणे त्याची आहेत. याचे उत्तर मॅक्सवेलनेच देऊन ठेवले आहे. १८६५ च्या आपल्या लेखात तो नमूद करतो की, फॅरेडेने सुचवलेली प्रकाशाची विद्युतचुंबकीय उपपत्ती आणि आपण मांडत असलेली उपपत्ती यांचे सार एकच आहे. फरक इतकाच की १८४६ मध्ये तरंगांचा वेग काढण्यासाठी लागणारी माहिती उपलब्ध नव्हती. फॅरेडेनेही १८५७ मध्ये या तरुणाला पत्राने कळवले होते की, आपल्या विषयावर एवढे गणित चालून आलेले पाहून प्रथम भीतीच वाटली, आणि मग विषय त्यापुढे इतका टिकला याचे नवल वाटले. पुढे आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचे उत्तर शोधले तेही याच वाटेने, दोन वस्तूंमधल्या जागेलाच गुणधर्म देऊन. म्हणून पुतणीच्या कसोटीवर बोलायचे तर हेन्रीमुळे प्रवर्तन आपल्याला मिळाले असते. परंतु रिकाम्या जागेकडे बोट दाखवून तिथे काहीतरी आहे असे म्हणणारा माणूस तेव्हा दुसरा दिसत नाही.

पुतणीने शेवटी विचारले की, फॅरेडेने चंद्राचा हा प्रश्न स्वतः कधी हाताळला का. हाताळला. १८४९ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात उंचावरून गुंडाळी खाली सोडून पाहिली की, पडताना गुरुत्वामुळे तिच्यात चुंबकासारखा काही प्रवाह उत्पन्न होतो का. सुई हलली नाही. निष्कर्ष नकारात्मक आहे, असा काही संबंध असल्याचा पुरावा मिळालेला नाही, तरी तो संबंध असावा ही माझी भावना ढळलेली नाही, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले. हे ऐकून सर बराच वेळ चंद्राकडे पाहत होते. त्यांचे मत न्यूटनवरच कायम आहे, पण जिना उतरताना त्यांनी मला बेंटलीच्या पत्राचा मजकूर मागितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो त्यांना मोठ्या अक्षरांत छापून नेऊन दिला.