दुसरी टाकी आणि कुंभारणीचे घर

मी ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज या गावात डिझेल मेकॅनिक म्हणून काम करतो. कोल्हापुरात पदविका घेतल्यावर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत चार वर्षे डिझेल पंप दुरुस्त केले आणि नंतर इकडे आलो. खंडाच्या जवळजवळ मध्यभागी वसलेल्या या गावापासून उत्तरेला डार्विन आणि दक्षिणेला ॲडलेड, दोन्ही शहरे सुमारे 1,500 किलोमीटर दूर आहेत, आणि डांबरी रस्ता सोडून पूर्वेला किंवा पश्चिमेला वळले की वाळवंटच सुरू होते. त्यामुळे गाडीला इंधनाची दुसरी टाकी बसवणे हे आमच्या वर्कशॉपमधले नेहमीचे काम आहे. ज्या कामाबद्दल लिहीत आहे, तेही असेच नेहमीचे होते.

मार्च महिन्याच्या अखेरीस एक निवृत्त जोडपे आपली टोयोटा लँडक्रूझर 79 घेऊन आले. चार दारांची, मागे उघडा ट्रे असलेली, साडेचार लिटरच्या व्ही-8 डिझेल इंजिनाची ती गाडी होती. मे महिन्यात त्यांना तनामी रस्त्याने हॉल्स क्रीकला जाऊन तिथून कॅनिंग स्टॉक रूट उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करायचा होता. हॉल्स क्रीक ते विलुना असा सुमारे 1,850 किलोमीटरांचा हा मार्ग गुरांचे कळप नेण्यासाठी आखला गेला. आल्फ्रेड कॅनिंग यांनी 1906-07 मध्ये त्याची पाहणी केली आणि 1908 ते 1910 या काळात त्यावर विहिरी खोदल्या गेल्या. आज तिथे गुरे जात नाहीत, पण मुक्कामाची ठिकाणे अजूनही विहिरींच्या क्रमांकांनीच ओळखली जातात. वाटेत 900 हून अधिक वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. 33 क्रमांकाच्या विहिरीजवळची कुनावारिट्जी ही वस्ती म्हणजे मधला इंधनाचा आधार, आणि तिथून विलुना आणखी सुमारे 1,000 किलोमीटर.

हिशेब सरळ होता. या गाडीची मूळ टाकी 130 लिटरची असते. मऊ वाळूत, टायरमधली हवा कमी करून, सामान भरलेली अशी गाडी 100 किलोमीटरला 20 लिटर डिझेल सहज पिते, म्हणजे 130 लिटरांत 650 किलोमीटर. कुनावारिट्जीनंतरच्या टप्प्याला 200 लिटर हवेत, आणि चुकलेली वाट, परत फिरावे लागणे, अडकलेली गाडी काढताना जाळलेले डिझेल यांसाठी मी नेहमी चौथा हिस्सा वर धरतो. एकूण 250 लिटर झाले, म्हणून 120 लिटरची दुसरी टाकी ठरली. कॅन भरून टपावर नेण्याचा मार्ग स्वस्त आहे, परंतु तेवढे वजन टपावर गेले की तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, आणि वाऱ्यात उभे राहून कॅनमधून डिझेल ओतताना त्यात वाळू जातेच. या इंजिनाच्या इंजेक्टरांना वाळूचा एक कणसुद्धा चालत नाही.

टाकीसाठी जागा एकच होती, ती म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे, ट्रेखाली, जिथे स्टेपनी टांगलेली असते. स्टेपनी काढून मागच्या बंपरवरच्या झुलत्या हातावर घेतली. 120 लिटर डिझेलचे वजन सुमारे 100 किलो आणि पोलादी टाकीचे 30. मात्र हे 130 किलो मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे लटकतात, त्यामुळे तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर सुमारे 170 किलोंचा भार वाढतो आणि पुढची चाके 40 किलोंनी हलकी होतात. गिऱ्हाइकाला हे मी कागदावर आकृती काढून दाखवतो, कारण लिटर मोजणारा माणूस किलो मोजायचे विसरतो. त्यांच्या मागच्या स्प्रिंगा बदलल्या, गाडी वजनकाट्यावर नेली, आणि प्लेटवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा भार 60 किलो जास्त निघाला तेव्हा त्या बाईंनी दुसरी बॅटरी आणि एक मोठी हत्यारपेटी घरी ठेवायचे लगेच मान्य केले. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, ती चासीला रबरी अस्तराच्या पट्ट्यांनी बांधली जाते, आणि सायलेन्सरपासून तिचे अंतर राखावे लागते. हे सगळे काळजीपूर्वक झाले.

दुसऱ्या टाकीतले डिझेल मी थेट इंजिनाला देत नाही. एका लहान विजेच्या पंपाने ते मुख्य टाकीत ढकलले जाते आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने तो पंप चालू करायचा असतो. त्यामुळे इंजिनाची मूळ व्यवस्था जशीच्या तशी राहते आणि पंप बिघडला तरी मुख्य टाकी हाताशी असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट निक्षून सांगतो, की मुख्य टाकी निम्मी झाली की पंप चालू करून पाहा, काटा तळाला जाईपर्यंत थांबू नका. दुसरी टाकी काम करत नाही हे कळेल, तेव्हा परत फिरण्यापुरते डिझेल हातात असले पाहिजे.

आता या प्रसंगाच्या मुळाशी असलेल्या भागाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. टाकीतून डिझेल बाहेर जाते तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघते, जिला आम्ही ब्रीदर म्हणतो. पाण्यातून जाताना तिच्यात पाणी शिरू नये म्हणून ती उंच न्यावी लागते, म्हणून मी ती ट्रेच्या पुढच्या जाळीपर्यंत वर नेऊन तिचे टोक काठीच्या मुठीसारखे खाली वळवले होते. त्या टोकावर पितळी कणांचा एक छोटा गाळक बसतो, जो हवा जाऊ देतो आणि धूळ अडवतो. तो गाळक त्या आठवड्यात आमच्याकडे शिल्लक नव्हता. नळीला चिकटपट्टी लावता येत नाही, कारण मग हवाच बंद होते, म्हणून टोक उघडे ठेवले, वीस लिटर डिझेल घालून पंपाची चाचणी घेतली, ती उत्तम झाली, आणि गाळक आला की फोन करतो असे सांगून गाडी दिली. गाळक दहा दिवसांत आला आणि माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला. मी फोन केला नाही. तो मोसमाच्या गर्दीचा काळ होता, पण ते कारण होऊ शकत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, वर्कशॉपच्या फोनवर त्या गृहस्थांचा सॅटेलाइट फोनवरून फोन आला. आवाज लांबून आणि थांबत थांबत येत होता. ते चाळिशीतल्या क्रमांकांच्या विहिरींपैकी एकीजवळ मुक्कामाला होते. आदल्या संध्याकाळी मुख्य टाकी निम्म्याच्या खाली गेल्यावर, मी सांगितले होते त्याप्रमाणे, त्यांनी पंप चालू केला. पंपाचा आवाज आला, काटा अगदी किंचित हलला, आणि थोड्या वेळाने गाडीच्या खालून जोराचा ‘धप्प’ असा आवाज झाला. त्यांनी घाबरून पंप बंद केला. मुख्य टाकीत सुमारे 60 लिटर उरले होते. तेवढ्या डिझेलवर बिलिलुनाच्या वस्तीपर्यंत मागे फिरता आले असते, पण पुढे कुनावारिट्जीपर्यंत पोहोचण्याची खात्री अजिबात नव्हती, आणि टाकी फाटली असेल तर मागे फिरतानाही कोणता धोका आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

तो ‘धप्प’ शब्द ऐकताच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तो आवाज मी ओळखला. पंप डिझेल ओढत आहे, आत हवा येत नाही, आणि बाहेरच्या हवेने टाकीचा पत्रा आत दाबला आहे. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पत्र्यावर, आतला दाब बाहेरच्यापेक्षा दहाव्या हिश्शाने जरी कमी झाला, तरी सुमारे 500 किलोंचा भार पडतो. इतक्या भाराने पत्रा वाकणारच, प्रश्न होता तो जोड उसवला आहे का हा.

मी त्यांना प्रथम गाडीखाली आडवे होऊन टाकीचे सगळे जोड बोट फिरवून पाहायला सांगितले. तेवढ्यात फोन तुटला. चार-पाच मिनिटांनी पुन्हा लागला तेव्हा त्या बाई बोलत होत्या. जोड कोरडे आहेत, पण टाकीचा खालचा पत्रा ताटासारखा आत गेलेला आहे, असे त्यांनी सांगितले. मग मी म्हणालो, “आता दुसऱ्या टाकीचे झाकण अगदी हळू, थोडेसेच फिरवा आणि काय ऐकू येते ते मला सांगा.” काही क्षण फक्त वाऱ्याचा आवाज आला. नंतर त्या म्हणाल्या, “आत हवा ओढली जाते आहे. अजून जातेच आहे.” आणि त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी तसाच ‘धप्प’ आवाज मला फोनवरही ऐकू आला. पत्रा परत बाहेर आला होता.

डिझेल भरताना ही अडचण कळली कशी नाही, असे कोणीही विचारील. भरताना बाहेर पडणाऱ्या हवेसाठी भरण्याच्या तोंडालाच जोडलेली वेगळी नळी असते, आणि झाकण उघडे असते तोवर ती मोकळी असते. झाकण घट्ट लावले की मात्र टाकीचा श्वास फक्त ब्रीदरमधून चालतो. म्हणून हॉल्स क्रीकला 120 लिटर डिझेल निर्वेध आत गेले आणि कुणाला शंका आली नाही.

झाकण सैल ठेवून पंप चालवला असता तर त्या क्षणापुरते काम झाले असते, पण त्या धुळीत उघड्या झाकणाने पुढे जाणे मला मान्य नव्हते. मी त्यांना ट्रेच्या जाळीवरचे नळीचे टोक पाहायला सांगितले. गृहस्थ म्हणाले की टोकात खडकासारखी कडक माती बसली आहे, आणि तार घेऊन आत खुपसतो. मी जवळजवळ ओरडलोच की तार घालू नका. ती माती आत ढकलली गेली असती तर नळीतून टाकीत, टाकीतून पंपाने मुख्य टाकीत आणि तिथून फिल्टरवर आली असती, आणि कॅनिंगच्या मध्यावर फिल्टर बदलत बसण्याची वेळ आली असती. टोकापासून मातीच्या बऱ्याच पलीकडे चाकूने नळी सरळ कापा, असे मी सांगितले. त्यांनी चार सेंटिमीटरचा तुकडा कापला. उरलेल्या टोकाला बाईंनी तोंड लावून फुंकर मारली आणि ती आत गेली. मग वाळवंटातल्या माश्यांपासून बचावासाठी डोक्यावरून घ्यायची जी बारीक जाळी असते, तिचा तुकडा दुहेरी करून त्या टोकावर ताणून बांधला. झाकण घट्ट लावून पंप चालू केला. वीस मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला, तेव्हा मुख्य टाकीचा काटा वर चढत होता आणि टाकीचा पत्रा जागच्या जागी होता. कुनावारिट्जीला पोहोचल्यावर पुन्हा फोन करा, अशी विनंती मी केली, आणि दोन दिवसांनी तो फोन आला.

जून महिन्याच्या अखेरीस ते परत आले तेव्हा त्यांनी तो कापलेला तुकडा एका डबीत जपून आणला होता. मी टेबलावर त्याला उभा छेद दिला. आत माती एकसारखी लिंपलेली होती, जणू बोटाने सारवलेली, आणि तिच्या मागच्या पोकळीत दहा-बारा वाळलेले लहान कोळी होते. ते पाहताच मला आमच्या गावच्या घरातली खिडकी आठवली. तिथे चौकटीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी दर पावसाळ्यात मातीची घरे बांधायची, कोळ्याला नांगी मारून निपचित करायची, पिल्लांसाठी तो आत कोंडून तोंड बंद करायची, आणि आजी आम्हाला ती घरे पाडू द्यायची नाही. इथली माशी वेगळ्या जातीची असेल, पण तिची रीत तीच आहे. पेन्सिलीएवढे भोक, खाली वळलेले, पावसापासून आडोशाला, आणि तीन-चार आठवडे एका जागी उभी असलेली गाडी. याहून चांगली जागा तिला कुठे मिळणार? विमानतळावर उभ्या विमानाच्या, वेग मोजणाऱ्या उघड्या नळीचे टोक का झाकून ठेवतात, हे मी पूर्वी ऐकले होते. माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे हे मला सुचले नव्हते.

त्या गाडीला मी नवी नळी, गाळक आणि टाकीची दाबचाचणी पैसे न घेता करून दिली, आणि खणात पडून राहिलेल्या गाळकाची गोष्ट त्या दोघांना आहे तशी सांगितली. गृहस्थ काही बोलले नाहीत. बाई म्हणाल्या, “निम्म्यावर पंप चालू करायचा हे तुम्ही तीनदा सांगितले होते, म्हणून आम्ही केला.”

पण त्या मे महिन्याच्या सकाळी, फोन ठेवल्यावर, मी आधी केले ते दुसरेच काम होते. वही काढून त्या मोसमात गाळकाशिवाय किती टाक्या बसवल्या ते पाहिले. आणखी तीन निघाल्या. तिघांनाही फोन केले. एक गाडी डांबरी रस्त्यावर ॲडलेडच्या वाटेवर होती, तिच्या मालकाने फुंकर मारून नळी मोकळी असल्याचे कळवले. दुसरी गावातच होती, तीही मोकळी निघाली. तिसऱ्या गाडीचा मालक दुसऱ्या दिवशी सिम्पसन वाळवंटाकडे निघणार होता आणि त्याचे सामान भरून झाले होते. मी पितळी गाळक आणि चाकू घेऊन त्याच्या घरी गेलो, शिडी लावली आणि नळीचे टोक विजेरीच्या उजेडात पाहिले. आत दोन सेंटिमीटरवर तांबडी माती गोल लिंपलेली होती आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे भोक अजून शिल्लक होते.