जिन्यातील दिवा: आपोआप लागण्याची दोन कारणे आणि तारांची नवी मांडणी

मागच्या नोंदीत, जिन्यातील दिवा रात्री कोणी नसताना लागतो, येथपर्यंत येऊन मी थांबलो होतो आणि एसआर५०१ हा पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर काढून त्या जागी एलडी२४१० हे हालचाल टिपणारे रडार बसवायचे जवळजवळ ठरवले होते. तो बेत आता रद्द केला आहे. सलग नऊ रात्री एकही खोटा ट्रिगर (कोणी नसताना सेन्सरने दिलेला इशारा) आलेला नाही. सेन्सर तोच आहे, भिंग तेच आहे आणि संवेदनशीलतेचा पॉटही (कमी-जास्त करण्याचा फिरता स्क्रू) होता तेथेच आहे. दोष सेन्सरच्या नजरेत नव्हता, त्याला वीज पोचवणाऱ्या दोन तारांत आणि शेजारच्या वाय-फायमध्ये होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. एकाच प्लास्टिकच्या डबीत एसआर५०१, ईएसपी८२६६ चा बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा संगणक) आणि ५ व्होल्टचा रिले (कॉइलमध्ये वीज सोडली की दिवा लावणारा स्विच) असे तिन्ही घटक होते व तिघांना एकच अडॅप्टर होता. सेन्सरचा वेळेचा पॉट अगदी कमीवर, म्हणजे सुमारे तीन सेकंदांवर ठेवला आहे, जंपर (पद्धत निवडण्याची छोटी जोडणी) ‘एच’ वर, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत इशारा टिकेल असा आहे आणि दिवा ९० सेकंद लागलेला ठेवण्याचे काम बोर्ड करतो. (या खेपेस मागवलेल्या सेन्सरच्या तयार मॉड्यूलांवर जंपरच्या पिनाच नव्हत्या, नुसते तांब्याचे ठिपके होते. पुरवठादाराने छायाचित्रात पिना दाखवल्या होत्या. सोल्डरचा थेंब टाकून काम भागले, पण असे मॉड्यूल मी पुन्हा घेणार नाही.)

आधीचे दोन आठवडे मी केवळ अंदाजावर घालवले, याची मला आज खंत वाटते. संवेदनशीलता कमी करून पाहिली, भिंगाचा अर्धा भाग झाकून पाहिला, खिडकीचा पडदा बदलून पाहिला. शेवटी प्रत्येक ट्रिगरची आणि रिलेच्या प्रत्येक हालचालीची सेकंदापर्यंत वेळ नोंदवायला सुरुवात केली, आणि सात रात्रींच्या नोंदी समोर ठेवल्यावर पहिल्यांदा काहीतरी हाती लागले. एकूण ४१ खोटे ट्रिगर होते. त्यांपैकी २९ दिवा विझल्यानंतर दहा सेकंदांच्या आत आलेले होते आणि उरलेले १२ रात्रभर कसेही विखुरलेले होते. म्हणजे मी ज्याला एक दोष समजत होतो, ते दोन निराळे दोष होते, आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्यामुळे फसल्यासारखा दिसत होता.

उष्णतेचा संशय आधी दूर करणे भाग होते. माणसाच्या शरीरातून निघणारे अवरक्त किरण मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपासचे असतात आणि साधी काच ते जवळजवळ अडवते. म्हणूनच खिडकीच्या काचेपलीकडील माणूस पीआयआर सेन्सरला दिसत नाही. जुन्या फोटोफ्रेमची काच तासभर त्याच जागी ठेवून खोलीच्या तापमानावर येऊ दिली आणि भिंगासमोर घट्ट बसवली. काचेपुढे हात हलवून पाहिला, मी स्वतः जिना चढून-उतरून पाहिला. सेन्सर पूर्ण शांत राहिला. त्याच रात्री मात्र दोन्ही प्रकारचे खोटे ट्रिगर पूर्वीसारखेच आले. डोळे बांधलेले असतानाही सेन्सरला माणूस ‘दिसत’ असेल, तर ते दिसणे विजेच्या मार्गाने येत आहे, यात शंका उरली नाही. या चाचणीला एक काच आणि एक रात्र पुरते, आणि ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

विखुरलेल्या बारा ट्रिगरांचा उलगडा लवकर झाला. ईएसपीचा अँटेना सेन्सरपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर होता. एका रात्रीपुरता वाय-फाय पूर्ण बंद ठेवला आणि नोंदी बोर्डाच्या स्मृतीतच साठवल्या. विखुरलेला एकही ट्रिगर आला नाही. सेन्सरमधून येणारा मूळ संकेत अतिशय क्षीण असतो आणि बीआयएसएस०००१ ही चिप त्याला हजारो पट वाढवते. शेजारी रेडिओ बोलत असेल, तर त्याची कुजबुजही त्याच पटीत वाढते. आता सेन्सर डबीबाहेर काढून अर्ध्या मीटरच्या तीनतारी केबलवर नेला आहे आणि मॉड्यूलच्या पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (विजेतील झटके शोषणारा घटक) जोडला आहे. तेवढे पुरले.

खरा हट्टी दोष दुसरा होता. दिवा विझला की पाचव्या-सातव्या सेकंदाला पुन्हा लागायचा, आणि कधी कधी हे चक्र तासभर चालायचे. मला वाटले की रिलेच्या संपर्कांत ठिणगी पडते आणि तिचा झटका सेन्सरपर्यंत येतो. मेन स्विच बंद करून दिव्याची जोडणीच रिलेवरून काढली आणि नुसती रिलेची कॉइल चालू-बंद होऊ दिली. ट्रिगर तरीही आले, म्हणजे ठिणगीचा संबंध नव्हता. मग रिलेच्या जागी एक छोटा एलईडी जोडला, तेव्हा सगळे शांत. कॉइलच दोषी ठरली, पण ती करते काय, हे कळेना. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, त्याने काहीच फरक पडला नाही.

मल्टिमीटरचे टोक थेट सेन्सरच्या पिनेवर टेकवले, तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर आले. रिले बंद असताना ५.०७ व्होल्ट, रिले लागला की ४.८३. तेच टोक अडॅप्टरच्या तोंडाशी नेल्यावर ५.०८ आणि ५.०६. जवळजवळ पाव व्होल्ट मधल्या तारांतच हरवत होता. रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, आणि मी तिला व सेन्सरला त्याच दोन बारीक जंपर तारांवरून वीज दिली होती, ज्यांची दाबून बसवलेली टोके बोटाने हलवली तरी आकडा बदलत होता.

एवढ्याशा फरकाने सेन्सर का फसावा, यावर मी बराच विचार केला. चालणाऱ्या माणसाचा संकेत संथ असतो, म्हणून या मॉड्यूलचा वर्धक जलद झटके गाळून टाकतो आणि सेकंदाला फार तर काही हेलकावे घेणारे संथ बदल पुढे पाठवतो. रिले सुटला की पुरवठा पाव व्होल्टने वर चढतो आणि तेथेच राहतो. हा झटका नव्हे, ही पायरी आहे. मॉड्यूलवरचा पुरवठा स्थिर ठेवणारा रेग्युलेटर तिचा बहुतेक भाग थोपवतो, पण जो किंचित अंश निसटतो तो हजारो पट वाढून माणसाच्या पावलासारखा भासतो. शंभर मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने पायरीची धार फक्त बोथट केली, पायरी तशीच राहिली. दिवा लागतानाही अशीच पायरी उलट दिशेने बसत असणार, पण तेव्हा दिवा आधीच लागलेला असल्यामुळे मला ती कधी जाणवलीच नाही.

दिवा विझल्यावर काही सेकंद सेन्सरकडे दुर्लक्ष करण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये टाकता आली असती, आणि अनेकांनी मला तेच सुचवले होते. मला तो उपाय पसंत नाही. नेमक्या त्याच क्षणी कोणी पायरीवर पाऊल टाकले, तर त्याला काही सेकंद अंधारात काढावे लागतील, आणि जिन्यावर तेवढा अंधारही मला मान्य नाही. त्याऐवजी सेन्सरसाठी धन आणि ग्राउंड अशा दोन नव्या तारा थेट अडॅप्टरच्या तोंडापासून ओढल्या, टोके दाबून न बसवता सोल्डर केली, आणि रिलेची परतीची तार सेन्सरच्या ग्राउंडला कोठेही भेटणार नाही अशी वेगळी नेली. सेन्सरवरचा आकडा आता रिले लागो वा सुटो, ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त हलत नाही. पहिल्या रात्री मी नव्वद सेकंद संपण्याची वाट पाहत जिन्याखाली उभा राहिलो. रिले टक्कन सुटला, अंधार झाला, आणि अंधारच राहिला. तो अंधार पाहून झालेला आनंद येथील मंडळींना सांगावा लागणार नाही.

सेन्सर केबलवर आल्यामुळे आणखी एक चांगली गोष्ट घडली. पूर्वी तो जिन्याच्या माथ्यावर, चढणाऱ्याच्या बरोबर समोर होता, आणि पीआयआरला सरळ अंगावर येणारी हालचाल सर्वांत कमी कळते; दिवा चौथ्या पायरीला लागायचा. आता तो बाजूच्या भिंतीवर सव्वादोन मीटर उंचीवर आहे, चढणारा माणूस त्याच्या नजरेला आडवा छेदून जातो आणि दिवा पहिल्याच पायरीवर लागतो. स्वयंपाकघराच्या दारातून जाणारे मात्र त्याला दिसू लागले होते. सेन्सरवरचा भिंगाचा घुमट काढून उजेडासमोर धरला, आतले छोटे छोटे भिंगांचे चौकोन मोजले आणि दाराकडे पाहणाऱ्या तीन चौकोनांवर बाहेरून अपारदर्शक चिकटपट्टी लावली. घुमट काढलाच तर आतल्या धातूच्या टोपीवरील काळसर खिडकीला बोट लागू देऊ नका. बोटाचा तेलकटपणा तेथे बसला तर नजर मंदावते.

रडार वाया जाणार नाही. वाचनाच्या टेबलाशी माणूस बराच वेळ न हलता बसतो, तेथे पीआयआर हमखास दिवा विझवतो, आणि एलडी२४१० ला श्वासाइतकी हालचालही पुरते. त्याचे अंतराचे टप्पे ०.७५ मीटरचे आहेत, तेव्हा तिसऱ्या टप्प्यापलीकडची संवेदनशीलता घालवली की पॅसेजमधील ये-जा त्याला कळू नये. आरसीडब्ल्यूएल-०५१६ या दुसऱ्या रडारचा अनुभव मात्र मी विसरलेलो नाही. तो भिंतीपलीकडचे चालणेही टिपत होता, म्हणून रडार बसवताना टेबलामागच्या भिंतीची परीक्षा आधी घेईन.

हे लिहीत असताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. हट्टी दोष कॉइलचा होता, तर जिन्याला कॉइल हवीच कशाला? पायऱ्यांच्या कडेखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावून ती मॉस्फेटने (कॉइल नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालवली, तर रिले लागत नाही, जिन्यात मेन लाइनही लागत नाही, दिवा हळूहळू उजळवता येतो आणि एसआर५०१ त्याच १२ व्होल्टवर चालतो, कारण त्याला ५ ते २० व्होल्ट चालतात. पट्टी रिलेच्या कॉइलपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह घेईल, त्यामुळे पुरवठ्याची पायरी आणखी उंच होण्याचा धोका आहे. सेन्सरच्या तारा तेव्हाही वेगळ्याच ओढाव्या लागतील, आणि प्रकाश हळूहळू कमी केला तर पायरीचा उतार होऊन सेन्सरला ती कळणारही नाही, असा माझा अंदाज आहे. हा अंदाज टेबलावर तपासायला उद्यापासून सुरुवात करतो. जिन्यातील आत्ताची जोडणी चौदा रात्रींच्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत हलवणार नाही.