बिनमिठाची चकली

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मेळावा दरवर्षी नाताळाच्या आधीच्या शनिवारी असायचा. बेळगावच्या कॅम्पात, देवळामागच्या, म्हणजे आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये. सतरंज्या अंथरलेल्या, मधोमध दोन लांब टेबलं, बाहेर धुकं आणि पोरांच्या अंगात स्वेटर. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा आणि त्या घरच्या पोराने त्यावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं वचन म्हणायचं, हा नियम. वचन स्वतः शोधलेलं हवं. "आईनं सांगितलं" म्हटलं की शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) बाई परत जागेवर पाठवायच्या.

बेळगावात लंडन मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेचं काम १८२० पासूनचं, १९०४ साली ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे आलं. त्यामुळे टेबलाभोवती मराठी आणि कानडी दोन्ही घरं. शिवाय चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून शेजारची कॅथलिक कुटुंबंही पाहुणी यायची. एकाच करंजीला आम्ही करंजी म्हणायचो, कानडी मावश्या करजिकाई आणि गोव्याकडच्या बायका नेवरी. आत कुठे सुकं खोबरं, कुठे ओलं, एवढाच काय तो फरक. भांडण मात्र दरवर्षी नव्यानं व्हायचं.

आदल्या रात्री आमच्या स्वैपाकघरात नाताळातले गोड कलकल वळायचा कार्यक्रम. मैद्याची सुपारीएवढी गोळी कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबत न्यायची आणि शेवटी सोडून द्यायची, की ती रेघारेघांच्या शिंपल्यासारखी गुंडाळून ताटात पडते. कंगवा वर्षभर आईच्या कपाटात, कागदात गुंडाळलेला. त्यानं केस विंचरले तर पाठीत धपाटा. माझ्या कलकलांचे नेहमी गोळेच व्हायचे.

वचनांचं म्हणाल तर पोरं काहीही जुळवायची. एकानं दूध आटवून केलेल्या कुंद्याचा डबा आणला आणि "दुधामधाचा देश" म्हणून मोकळा झाला. मधाचं काय, विचारल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षी आणतो. केकला वचन सापडत नाही म्हणून मोठी पोरं रडकुंडीला यायची. शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, दुसऱ्या शमुवेलाचा सहावा अध्याय काढून दाखवला. देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, यरुशलेमात आणल्यावर दावीद राजानं लोकांना भाकर वाटली, त्याबरोबर मनुकांची ढेपही. "घ्या, मनुका आहेत की नाही?" मला विचाराल तर ही ओढाताणच होती. पण त्याच पाळकसाहेबांनी एकदा चौतिसावं स्तोत्र सांगितलं, ते मात्र डोक्यात बसलं. परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा "अनुभव घेऊन पाहा" असं आपल्या मराठी शास्त्रात आहे. मूळ इब्री (हिब्रू) शब्द चाखण्याचा आहे. चाखून पाहा! त्या दिवशी आम्ही टेबलाकडे जरा जास्तच भक्तिभावानं बघत होतो.

पाचवीत असताना आमच्या घराकडे चकली आली. मी शोधलेलं वचन फक्कड होतं: "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा." ठणठणीत आवाजात म्हटलं, बाईंनी मान डोलावली आणि एक चकली मोडून तोंडात टाकली. मग दुसरा तुकडा. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पुढचं म्हण बघू." पुढचं, म्हणजे मिठाचा खारटपणाच गेला तर ते कशानं खारट करणार? मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता आईचा चेहरा दिसला. काकू तिला चिमटा काढत पुटपुटत होती, "मीठ तू घातलंस म्हटलं की गं मी!" सगळा हॉल हसला. मी हुंदके देत सतरंजीवर जाऊन बसलो.

टेबलाच्या मधोमध मात्र फराळाचं काहीच नसायचं. तिथे बाई एक ज्वारीची भाकरी ठेवायच्या, साधी, कडेला किंचित करपलेली. बेथलेहेम म्हणजे इब्रीत भाकरीचं घर. त्या गावात जन्मलेला येशू, गव्हाणीत, जिथे गुरं खातात तिथे निजवलेला, पुढे म्हणतो, "मीच जीवनाची भाकर आहे." कानडी शास्त्रात इथे रोट्टी आहे, आणि आमच्याकडे रोट्टी म्हणजे तीच, ज्वारीची. या एका वचनावर दोन्हीकडच्या बायका कधी भांडल्या नाहीत. पोरांचा भाकरीवर राग असायचा, कारण ती मोडून सगळ्यांना घासभर मिळेपर्यंत केकला हात लावता येत नसे.

त्यानंतरही लगेच खायचं नाही. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, गोडधोड खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. म्हणून आधी ताटं भरायची, वर क्रोशाचे रुमाल टाकायचे आणि गल्लीत पोचवायची. देवळाचा नि ज्यांचा काही संबंध नाही अशा घरांतही. आमच्या वाट्याला शेजारच्या कानडी अज्जी, म्हणजे आजी. एकट्या राहायच्या, आणि ताट कधी रिकामं परत करायच्या नाहीत.

त्या वर्षीही मीच गेलो. अज्जींनी चकली चावली, थांबल्या, "उप्पे इल्लल्लो!" (मीठच नाही की!) म्हणून खदखदून हसल्या. मग आत गेल्या आणि ताटात लिंबाचं लोणचं घालून म्हणाल्या, "ह्याच्यासंगं खावा, बरं लागतंय."

हॉलमध्ये परत आलो तर बिनमिठाच्या चकल्या तशाच पडून होत्या. लोणचं मधे ठेवलं. पंधरा मिनिटांत ताट साफ.